डिस्प्ले गुरुवारी येईल

तपकीर गल्लीत, जिन्याखालच्या माझ्या साडेचार फुटांत
थोपटेबाईंनी फोन ठेवला, रुमालात गुंडाळून आणलेला.
काच गेलेली, टच गेलेला,
आणि आत काहीतरी सारखं वाजतंय.
"कणकेच्या परातीवरून पडला," त्या म्हणाल्या,
"पण मेला नाहीये हो, बागवानभाऊ. ऐका."

ऐकलं. नव्हता मेला.
काळ्या काचेखाली एकेचाळीस डब्यांचा हिशेब
धडका मारत होता.

डिस्प्ले गुरुवारी येईल, मी म्हटलं.
"आणि आज रात्रीचं?"

गेल्या दिवाळीत त्यांचे फोटो उतरवताना
सेटिंगमधल्या एकाच ओळीवर सात वेळा टिचकी मारून
मीच मागचं दार उघडलं होतं
आणि लावायला विसरलो होतो.
आळसालाही असं एखादं पुण्य लागतं.
वायर जोडली, कॉम्प्युटरवर ॲप सुरू केलं,
आणि मॉनिटरवर उभा राहिला त्यांचा फोन,
वीतभराचा हातभर होऊन.

लॉक आलं. नऊ ठिपके.
बाईंनी काउंटरच्या काचेवर बोटानं काढून दाखवलं.
बोट पिठाचं, त्यामुळे उमटलंच.
मी सभ्यपणे मान फिरवली,
मग आठवलं, माऊस माझ्याच हातात आहे.

"द्या इकडे."

त्यांनी तो धरला दोन्ही हातांनी, लाटण्यासारखा,
आणि ढकलला.
टेबल संपलं. बाण अजून अर्ध्या वाटेवर.
उचला, मी म्हटलं, उचलून परत मध्ये ठेवा.
"उचलला तर तिकडचं हलेल ना?"
नाही. आपण हात उचलला तरी
तिकडचं जिथं सोडलं तिथंच थांबतं.
त्यांनी दोनदा उचलून पाहिलं.
"शहाणा आहे," म्हणाल्या.

तेवढ्यात कॉल आला.
हिरवं बटण बरोबर दाबलं
आणि बोलू लागल्या मॉनिटरशी,
"हां, पेरुगेटची रूम ना? चपात्या किती?"
पलीकडचा पोरगा हॅलो हॅलो करत होता
रबरी मॅटवर पडलेल्या फोनातून.
मी फोन उचलून त्यांच्या तोंडापाशी धरला.
नजर मात्र पडद्यावरून हलेना.

मग मेसेज. सगळी परीक्षावाली पोरं.
'सात नंबर आज नको.' 'भात जास्त.'
'पैसे एक तारखेला, नक्की.'
त्या वाचत गेल्या, मी उगाच स्क्रू मोजत बसलो.

बाण थांबला.
गावित, पाच नंबर.
'मावशी, निकाल लागला. उद्यापासून डबा बंद करा.'

लागला म्हणजे कसा लागला, ते लिहिलं नव्हतं.
"तीन वर्षं जेवला," बाई म्हणाल्या. "भाजी कधी उरवली नाही.
तुम्हाला काय वाटतं?"
पास झालेला पेढे आणतो, मी म्हटलं.
"आणि नापास झालेला?"
मला माहीत नव्हतं. मी दहावीलाच दुकानात बसलो.

कीबोर्ड पुढं सरकवला, त्यावर मराठी नव्हतं.
मग पडद्यावरच, माऊसनं, एकेक अक्षर
वेचून ठेवावं तसं.
एक काना चुकला, पुसला.
तेवढ्यात एक गिऱ्हाईक चार्जर विचारून कंटाळून गेलं.
'आजचा आहे ना. न्यायला ये.'

पाठवला. एक टिक.

वायर काढली, मॉनिटर रिकामा झाला.
"किती द्यायचे?"
गुरुवारी बघू.

जिन्याखालून मला गल्ली दिसत नाही,
फक्त पावलं दिसतात.
त्यांच्या निळ्या पट्ट्याच्या चपला गेल्या
चिनी माळांच्या खोक्यांपर्यंत, तिथं थबकल्या,
आणि वळल्या.

"वाजला," आत येण्याआधीच त्या म्हणाल्या.
"लावा वायर."

माऊस मी टेबलाच्या मधोमध सरकवला.